वाचकांचे प्रश्न : शाळकरी होड्या, त्यांचे वजन आणि त्यांचा वेग

यंदाच्या हिवाळ्यात खानदेशातील काही शाळांनी विज्ञान प्रदर्शनाच्या जोडीने होड्यांच्या प्रतिकृती बनवून त्या पाण्यात पळवण्याच्या स्पर्धा घेतल्या. त्यानंतर या सदराकडे त्याविषयीचीच पत्रे इतकी आली, की या वेळचे सदर त्यांनाच देणे भाग पडले. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. मोटार कोणती, सेल किती, पंखा कुठून आणला, हे जवळजवळ सर्वांनी तपशिलाने लिहिले आहे. होडीचे एकूण वजन मात्र एकाच पत्रात सापडले. म्हणून ते पत्र आधी घेत आहे.

प्रश्न : आम्ही नववीच्या पाच मुलींनी मिळून होडी बनवली होती. ती 40 सें.मी. लांब, 8 सें.मी. रुंद आणि 7 सें.मी. उंच अशी सपाट तळाची पेटीच होती म्हणा ना. झाकणावर सेलचा खोका आणि त्याच्याही वर चार काड्यांवर सौर पॅनेल बसवले होते. सर्व मिळून वजन 900 ग्रॅम भरले. अरुंद होडी जोरात पळते असे आम्हाला सांगण्यात आले होते. स्पर्धेत मोटार सुरू करून हात काढताच होडी डावीकडे कलंडली आणि सेल पाण्यात गेले. आमचे काय चुकले?
— विद्यार्थिनींचा गट, यावल तालुका

उत्तर : तुम्ही लांबी, रुंदी आणि वजन लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर आकड्यांत देता येते. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, आणि एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. तुमच्या होडीला 900 घन सें.मी. पाणी सारायचे होते. तळाचे क्षेत्रफळ 40 गुणिले 8, म्हणजे 320 चौ.सें.मी.; त्यामुळे ती सुमारे 2.8 सें.मी. पाण्यात बसली असणार आणि तिची बाजू चार सें.मी.हून अधिक पाण्यावर राहिली असणार. होडी बुडण्याचे काहीच कारण नव्हते, आणि ती बुडाली नाहीच, ती कलंडली. बुडणे आणि कलंडणे यांची गणिते वेगळी आहेत.

होडीचे सगळे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढते, तो तिचा गुरुत्वमध्य. पाणी तिला वर ढकलते ते जणू पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यातून. होडी डावीकडे झुकली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि हा दुसरा मध्य डावीकडे सरकतो. तेथून सरळ वर रेघ ओढली, तर ती होडीच्या मधल्या रेषेला ज्या ठिकाणी छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1746 मध्ये ही कल्पना मांडली आणि जहाज बांधणारे आजही तिच्यावरच विसंबतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर झुकलेली होडी पुन्हा सरळ होते, वर असेल तर ती आणखी झुकत जाते.

पेटीसारख्या होडीसाठी हे मोजणे सोपे आहे. रुंदीच्या वर्गाला, होडी पाण्यात जितकी बसते त्या खोलीच्या बारा पटीने भागले की बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मेटासेंटर किती वर आहे ते मिळते. तुमच्या होडीत 64 भागिले 33.75, म्हणजे 1.9 सें.मी.; त्यात बुडालेल्या भागाच्या मध्याची तळापासूनची उंची, 1.4 सें.मी., मिळवली की 3.3 सें.मी. येतात. याचा अर्थ असा, की तुमच्या होडीचा गुरुत्वमध्य तळापासून 3.3 सें.मी.च्या खालीच असायला हवा होता. सेल झाकणावर आणि पॅनेल त्याच्याही वर काड्यांवर असताना तो तेथे असणे कठीण. होडी एका कुशीवर आडवी करून, उभ्या धरलेल्या फूटपट्टीच्या कडेवर तिचा तोल साधा. ज्या रेषेवर ती तोलून राहील, त्या रेषेचे तळापासूनचे अंतर मोजा, म्हणजे खात्री पटेल.

आता तीच होडी, तेवढ्याच वजनाची, 12 सें.मी. रुंद करून पाहू. ती 1.9 सें.मी. बुडेल आणि मेटासेंटर तळापासून सुमारे 7.3 सें.मी. वर जाईल. रुंदी दीडपट केली आणि मर्यादा दुपटीहून अधिक वाढली. यासाठी किती किंमत मोजावी लागते? पाण्याला घासणारा पृष्ठभाग 590 चौ.सें.मी.वरून 675 वर, म्हणजे जेमतेम 15 टक्क्यांनी वाढतो. अरुंद होडी जोरात पळते हे खोटे नाही. पण उलटी झालेली होडी कितीही अरुंद असली तरी पळत नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या यावल-रावेरच्या मुलांना हे खरे तर हाताला ठाऊक असते. केळीचा एकच खांब पाण्यात टाकून त्यावर बसले, तर तो अंगाखाली गरकन फिरतो. दोन-तीन खांब शेजारी शेजारी बांधले, की त्याच मुलाला घेऊन तो तराफा शांतपणे तरंगतो.

आणखी एक. होडी डावीकडेच का गेली, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते सांगण्यासारखे आहे. मागून पाहताना तुमचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असणार. पंखा पाण्याला एका दिशेने पिळतो तेव्हा पाणी होडीला उलट दिशेने पिळते, आणि तिची डावी बाजू खाली जाते. स्थिर होडीला हा धक्का जाणवतही नाही. तुमच्या होडीला तो निमित्त ठरला. पुढच्या वेळी सेल आधी तळाला चिकटवा, कारण त्याला खर्च नाही, आणि पॅनेल झाकणावर टेकवा. एवढ्याने भागले नाही तर दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पट्ट्या जोडा. मात्र त्यावर तैलरंग लावू नका. रंगातील थिनर थर्माकोल खाऊन टाकतो, आणि सकाळी उठून पाहावे तर पट्टीच्या जागी रंगाची पोकळ साल उरलेली असते. हे मी स्वतःच्या घरी पाहिलेले आहे.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांची होडी 40 सें.मी. लांबीची आहे. वेग वाढवावा म्हणून दोन सेलांऐवजी चार लावले आणि मोटारही मोठी घेतली. वेग जेमतेम वाढला. उलट नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलली जाऊन मागच्या बाजूने पाणी आत येऊ लागले. दुप्पट शक्ती गेली कुठे?
— विज्ञान शिक्षक, अमळनेर तालुका

उत्तर : ती लाट उठवण्यात गेली. होडी पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी पाणी उचलले जाते आणि होडीच्या सोबत धावणारी एक लाट तयार होते. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो : लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला 1.25 ने गुणले, की सेकंदाला किती मीटर ते मिळते. 40 सें.मी.च्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे 0.79 मीटर येतो. आपल्या होडीने हा वेग गाठला की लाटेचा एक माथा नाळेखाली आणि दुसरा माथा मागच्या टोकाखाली येतो. याहून जोर लावला, तर मागचा माथा आणखी मागे पडतो, होडीचे बूड दोन माथ्यांमधल्या खळग्यात उतरते आणि होडी आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. आपण वर्णन केलेली उचललेली नाळ आणि मागून शिरणारे पाणी म्हणजे हाच चढ. येथून पुढे थोड्या वेगासाठी फार मोठी शक्ती लागते. अगदी हलक्या आणि सपाट तळाच्या होड्या हा चढ ओलांडून पाण्याच्या पाठीवर घसरू लागतात. खेळण्यातील मोटारीवर चालणाऱ्या शाळेच्या होडीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

उपाय सेलमध्ये नसून लांबीत आहे. त्याच वजनाची होडी 60 सें.मी. लांब केली तर ही मर्यादा 0.97 मीटरवर जाते, आणि 10 मीटरची शर्यत सुमारे 12.7 सेकंदांऐवजी 10.3 सेकंदांत संपू शकते. स्पर्धेच्या नियमांत कमाल लांबी दिलेली असते ती याचसाठी, आणि त्या कमाल लांबीपेक्षा आखूड होडी आणणे म्हणजे शर्यतीआधीच काही सेकंद देऊन टाकणे होय.

हे सारे ज्याने नीट उलगडले त्या विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याची पद्धत शाळेत जशीच्या तशी करता येते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. त्याने 1867 मध्ये इंग्लंडमधील डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेवन’ अशा दोन वेगवेगळ्या घाटांच्या होड्या ओढून पाहिल्या, प्रत्येक घाटाच्या 3, 6 आणि 12 फूट लांबीच्या. कोणताही एकच घाट सर्व वेगांना उत्तम नसतो, हे त्याला त्यातून दिसले. पुढे 1872 मध्ये त्याने टॉर्की येथे घराशेजारी प्रतिकृती ओढण्यासाठी लांबलचक टाकी बांधली. आजही जहाज बांधण्याआधी त्याची प्रतिकृती अशाच टाकीत ओढतात.

आपल्याला त्यासाठी एक दोरा, दोन कप्प्या आणि मूठभर नट-वायसर पुरतात. टाकीच्या टोकाला एक कप्पी आणि तिच्या वर, व्हरांड्याच्या तुळईला किंवा पहिल्या मजल्याच्या कठड्याला दुसरी कप्पी बांधावी. होडीच्या नाळेचा दोरा या दोन्हींवरून नेऊन त्याच्या टोकाला वजन टांगावे. तीन मीटर उंची मिळाली की होडीला तीन मीटर धाव मिळते. मोटार बंद ठेवून, निरनिराळी वजने टांगून, शेवटच्या दीड मीटरला लागणारा वेळ मोबाइलच्या संथ चित्रीकरणात मोजावा. वजने काही ग्रॅमचीच लागतात आणि ती नेमकी ठाऊक असावी लागतात. आपल्या भागात सराफाच्या काट्याची कमतरता नाही. एखाद्या ओळखीच्या सराफाने दहा वायसर तोलून दिले, तर वर्षभराचे काम होते. वजन दुप्पट केल्यावर वेग किती वाढतो, हे मुलांनी वहीत आलेखावर मांडले, की तो आलेख कोठे आडवा पडू लागतो ते त्यांना दिसेल. मोठी मोटार का हरली, हे त्यांना त्यानंतर वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

जाता जाता पंख्याविषयी. आपण पाठवलेल्या चित्रात पंख्याची वरची पाती पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेली दिसतात. असा पंखा पाण्याऐवजी हवा ओढून घेतो. मोटारीचा आवाज एकदम चढा होतो आणि होडी मंदावते. पंखा आणखी खोल घ्यावा. पंख्याच्या दांडीसाठी सायकलचा स्पोक आणि मोटारीशी तो जोडण्यासाठी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, ही आपल्या मुलांची जोडणी उत्तम आहे. मात्र मोटार आणि स्पोक एका रेषेत नसतील तर ती नळी प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तेथेच बरीच शक्ती संपते. होडी हातात धरून मोटार चालवावी. हाताला थरथर लागली तर रेषा चुकली आहे, असे समजावे.

प्रश्न : माझ्या मुलाला स्पर्धेसाठी ‘आयएनएस विक्रांत’ची हुबेहूब प्रतिकृती करायची आहे. 1:500 हे प्रमाण त्याने ठरवले आहे. ती तरंगेल ना?
— एक पालक, जळगाव

उत्तर : तरंगेल, पण वजनावर करडी नजर ठेवावी लागेल. विक्रांतची लांबी 262 मीटर आहे, म्हणजे प्रतिकृती 52.4 सें.मी.ची होईल. लांबी पाचशेने भागली तरी वजन मात्र पाचशेच्या घनाने, म्हणजे साडेबारा कोटींनी भागावे लागते. जहाजाचे वजन सुमारे 45,000 टन आहे. भागाकार 360 ग्रॅम येतो. चार पेन्सिल सेलच त्यातले 100 ग्रॅमच्या आसपास घेतात. लाकडी फळीवर वरचा मनोरा, विमाने आणि रंगाचे तीन हात चढवले, तर विक्रांत खऱ्या जलरेषेपेक्षा पुष्कळ खाली बसेल आणि मनोरा एका बाजूला असल्यामुळे त्या बाजूला झुकेलही. मनोरा आणि विमाने कागदाची करावीत आणि सेल मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित सरकवावेत. 1:250 हे प्रमाण घेतले तर लांबी दुप्पट होते, पण वजनाची मुभा आठपट होऊन 2.9 किलोवर जाते. स्पर्धेच्या नियमांत एवढी लांबी बसत असेल तर तेच घ्यावे. वेगाचा हिशेब मात्र वर्गमुळाने होतो. खरी विक्रांत 28 नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला 14.4 मीटर जाते. 1:500 ची प्रतिकृती सेकंदाला 0.64 मीटर गेली की तिच्या नाळेपाशी खऱ्या जहाजासारख्याच लाटा उठतील. शर्यत जिंकण्यासाठी हा घाट निवडावा असे मी म्हणणार नाही. पण मुलाने तो निवडला असेल तर मोडता घालू नये.

प्रश्न : आमची सौर होडी जानेवारीत चांगली पळाली. एप्रिलमध्ये पाहुण्यांना दाखवायला काढली, तर ऊन जास्त असूनही ती मंद झाली आणि पॅनेलही निखळले.
— विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर लिहिलेली शक्ती 25 अंश तापमानाची असते, आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के शक्ती कमी होते. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी काळे पॅनेल 65 अंशांपर्यंत सहज तापते; म्हणजे सोळा टक्के शक्ती तेथेच गेली. ग्लू गनचा गोंद मुळात उष्णतेने वितळणारा असल्यामुळे तोही मऊ पडला. पॅनेल दोन नळ्यांच्या इपॉक्सीने किंवा स्क्रूने बसवा, त्याच्याखाली वारा खेळायला बोटभर जागा ठेवा आणि होडी पाण्यात सोडेपर्यंत सावलीत ठेवा. छायाचित्रात होडीवर झेंडा दिसतो आहे. त्याच्या काडीची सावली पॅनेलच्या एका घटावर पडली तरी साखळीतील सर्व घटांचा प्रवाह घटतो. झेंडा मागे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला लावा.

प्रश्न : यात्रेत पत्र्याची, वातीवर फटफट करत चालणारी बोट मिळते. ती स्पर्धेत चालेल का?
— इयत्ता सहावी, चोपडा

उत्तर : ज्योतीमुळे बहुतेक परीक्षक नाही म्हणतील, पण ती उघडून पाहण्यासारखी जरूर आहे. तिचे पेटंट 1891 मध्ये टॉमस पियो याने घेतले होते. आतल्या डबीत पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतील पाणी मागे फेकते, मग थंड होऊन आक्रसते आणि पाणी परत आत येते. बाहेर जाताना पाणी एका धारेने मागे जाते, आत येताना मात्र ते चोहोबाजूंनी येते. म्हणून बोट मागे न येता पुढेच सरकते.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेला पुढच्या वर्षी अशी स्पर्धा भरवायची आहे. गावाजवळ तलाव नाही आणि पाण्याची टंचाई असते. एका शेतकऱ्याने शेततळे देऊ केले आहे. शिवाय एका स्पर्धेत आमच्या मुलांना बाजारातून तयार आणलेल्या होडीकडून हरावे लागले. हे कसे टाळावे?
— शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : शेततळे नम्रपणे नाकारावे. त्याच्या उतारावर प्लॅस्टिकचे अस्तर असते, ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही, आणि आत घसरलेल्या पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. अडकलेली होडी काढायला एखादा मुलगा वाकणारच. तापीच्या पात्राचा विचारही त्याच कारणाने सोडावा. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडले की काठावरची पातळी पाहता पाहता बदलते.

मैदानात विटांचे दोन थर रचून त्यावर ताडपत्री अंथरली, की 6 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद आणि 15 सें.मी. खोल अशी टाकी होते. तिला सुमारे 1,080 लिटर पाणी लागते, आणि शर्यतीनंतर तेच पाणी शाळेच्या झाडांना घालता येते. मध्ये दोरी ताणून दोन मार्ग करावेत. खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप वापरतात. तेवढ्या अरुंद पन्हळीत होडीच्या बाजूने पाण्याला मागे जायला वाट मिळत नाही आणि चांगली होडीही अडखळते. होडी सरळ जावी म्हणून मार्गावर मासेमारीची तंगूस ताणावी आणि होडीवरील दोन कड्यांतून ती ओवावी.

तयार होडीचा प्रश्न नियमांनी बराचसा सुटतो. मोटार आणि सेल सर्वांना आयोजकांनीच द्यावेत, आणि निम्मे गुण मोजमापांच्या वहीला ठेवावेत. तरीही वही कोणी लिहिली ही शंका उरते. मी परीक्षक म्हणून गेलो तेथे एक साधी युक्ती वापरली. होडी पाण्यात सोडण्याआधी तिच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, मुलाच्या हातात 100 ग्रॅमचे वजन द्यायचे आणि हे आत ठेवल्यावर होडी किती खाली जाईल, असे विचारायचे. 40 गुणिले 12 सें.मी.च्या होडीसाठी उत्तर दोन मिलिमीटर आहे. ज्याने होडी स्वतः बांधली आहे तो क्षणभर ओठ हलवतो, आकडा सांगतो, वजन ठेवतो आणि पट्टीपाशी डोळे नेऊन खाली वाकतो. तयार होडी घेऊन आलेला मुलगा मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहतो.